पडद्यावरचं गाव पोटाला काय करतं?

पाहुणा ओसरीवर टेकला आणि पाण्याचा तांब्या पुढे आला, की सातारा जिल्ह्यातल्या उंब्रज-मसूर पट्ट्यात गाव विचारून झाल्यावरचा प्रश्न ठरलेला असतो: काय करता? मग शेती किती, त्यातली पाण्याखाली किती, आडसाली आहे की खोडवा, ऊस सह्याद्री कारखान्याला जातो की अजिंक्यताऱ्याला, मुलगा भरतीला पळतोय की पुण्याला कंपनीत आहे. ही उठाठेव नसते. माणूस कशावर जगतो हे कळलं की तो कुणाशी नमतं घेईल, कुणापुढे ताठ राहील, कशाला भिईल आणि मुलीच्या लग्नाची बोलणी कुठल्या महिन्यात काढेल, याचा निम्मा अंदाज आपोआप येतो. हाच प्रश्न घरबसल्या बघितलेल्या सिनेमांना आणि मालिकांना विचारावा, असं मला वाटतं. पडद्यावर जे गाव दिसतं त्यातली माणसं पोटाला काय करतात? ज्या कलाकृतीकडे याचं उत्तर आहे ती दहा-वीस वर्षांनी पुन्हा लावली तरी धरून ठेवते. जिच्याकडे ते नाही तिची गाणी राहतात, एखादा नट राहतो, पण गाव विरून जातं. या लेखात जुन्या-नव्या, मराठी-हिंदी, मोठ्या पडद्यावरच्या आणि दिवाणखान्यातल्या अशा सरमिसळ गोष्टींचा आढावा आहे. त्याला जोडणारा धागा एवढाच.

घरी बघणं आणि थेटरात बघणं यांतला फरक इथे महत्त्वाचा आहे. थेटरातल्या अंधारात बाहेरचं जग तीन तास बंद असतं. घरी ते कधीच बंद होत नाही. उंब्रज हे कृष्णा-तारळीच्या संगमावरचं, पुणे-बेंगळुरू महामार्गाला चिकटलेलं गाव. इथे एका बाजूला समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक मारुती आहे, तर दुसऱ्या बाजूला रात्रभर मालट्रकांची ये-जा. समोरच्या टीव्हीवर वाड्यातल्या जावा एकमेकींवर डाव टाकत असताना खिडकीखालून उसाची ट्रॉली कुरकुरत जाते. संध्याकाळच्या मालिकांची वेळ आणि डेअरीला दूध घालायची वेळ पुढेमागेच असते. शेतीपंपाची वीज रात्रपाळीची आली, की घरातला कर्ता पुरुष ऐन रंगात आलेल्या भागाच्या वेळी बॅटरी घेऊन पाण्याची दारं धरायला गेलेला असतो, आणि तो भाग दुसऱ्या दिवशी बांधावर बसून मोबाइलवर बघतो. अशा प्रेक्षकाला खोटं गाव दाखवणं जड जातं. तो तक्रार करत नाही, पण त्याचं लक्ष सुटतं. घरच्या प्रेक्षकाची समीक्षा ती हीच: मान वळते, कुणीतरी भाकरी उलटायला उठतं, आणि परत येऊन काय झालं असं विचारतही नाही.

उंब्रजला बसून नकाशा समोर धरला तर चारही दिशांना सिनेमा आहे. उत्तरेला महामार्गाने तास-सव्वा तासावर वाई आणि मेणवली. या कृष्णाकाठाने भारतातली कितीतरी गावं साकारली आहेत. ‘गंगाजल’मध्ये (२००३) हा मुलूख बिहार झाला, ‘ओमकारा’त (२००६) आणि ‘दबंग’मध्ये (२०१०) उत्तर प्रदेश झाला, ‘चेन्नई एक्स्प्रेस’मध्ये (२०१३) थेट तमिळनाडू. घाट, वाडे, वड, डोंगराची कड हे सगळं आपलं. त्यात वावरणारी माणसं मात्र कुठलीच नाहीत. ‘दबंग’ करमणूक म्हणून बेतलेला सिनेमा आहे, त्याच्याकडून शेतीचा हिशेब मागणं अन्यायाचं ठरेल. पण तो दुसऱ्यांदा बघताना मारामाऱ्यांच्या मध्ये जो रिकामेपणा जाणवतो, तो मला यामुळेच येतो असं वाटतं. गावातले सगळे लोक नायकाची वाट बघत उभे असतात. त्यांना दुसरं काही काम नसतं.

याच मेणवलीत चित्रित झालेला ‘स्वदेस’ (२००४) म्हणूनच वेगळा उठून दिसतो. आशुतोष गोवारीकरांच्या या सिनेमाची चर्चा नेहमी वीजनिर्मितीच्या प्रसंगावर थांबते. पाणी वळवतात, दिवा पेटतो, म्हातारीचा चेहरा उजळतो. तो प्रसंग चांगलाच आहे. पण सिनेमाचा खरा खांब त्याच्या आधी येतो. नायक मोहन भार्गवला खंड वसूल करायला दुसऱ्या गावी पाठवतात. कूळ असलेला हरिदास मूळचा विणकर. कापड विकलं जाईना म्हणून तो शेतीकडे वळला, तर जातीचं काम सोडलं म्हणून गावाने त्याला पाणी दिलं नाही. घरात दाणा नाही आणि पाहुणा जेवल्याशिवाय जाऊ नये ही रीत मात्र सुटत नाही. मोहन खंड न घेता परततो, आणि वाटेत स्टेशनवर एक पोर पंचवीस पैशाला पाण्याचा कुल्हड विकत असतं. तोवर बाटलीतलंच पाणी पिणारा मोहन ते पाणी पितो. कुणी भाषण करत नाही. खंड, पाणी, माग, पंचवीस पैसे या चार गोष्टींतून एका माणसाचं मन पालटतं, आणि त्यानंतर तो गावात वीज आणतो यावर आपला विश्वास बसतो. हा मधला प्रवास काढून टाकला असता तर पुढचा दिवा नुसता चमत्कार ठरला असता.

पूर्वेला, माणदेशात, याहून जुना आणि माझ्या मते याहून भक्कम पुरावा आहे. औंध संस्थान आकाराने लहान, पण दोन मोठे सिनेमे त्याच्या मातीतून उगवले. पहिला ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७). आटपाडीजवळ स्वतंत्रपूर इथे औंधच्या पंतप्रतिनिधींच्या काळात, मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने, कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंतीविना, बेड्यांविना, शेती करत राहणारे कैदी ही तिथली कल्पना. माणदेशातच वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावर कथा रचली आणि व्ही. शांतारामांनी सिनेमा केला. पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. लोकांना त्यातली प्रार्थना आठवते. सिनेमा पुन्हा नीट बघितला तर दिसतं की प्रार्थनेइतकाच तो भाजीचा सिनेमा आहे. सहा खुनी माळरान खणतात, पाणी देतात, भाजी पिकवतात. कथेचा खरा पेच ती भाजी बाजारात नेल्यावर सुरू होतो. मधला दलाल नको, रास्त भावात विकू, असं म्हटल्याबरोबर व्यापारी अंगावर येतात. कैद्यांच्या सुधारणेची कसोटी कोठडीत नाही, बाजारात लागते. कराडच्या किंवा कोरेगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट घेऊन पहाटे गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. गोष्ट सत्तर वर्षांची होत आली तरी त्या प्रसंगाला गंज चढलेला नाही.

दुसरा ‘बनगरवाडी’. व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी १९५५ची, अमोल पालेकरांचा सिनेमा १९९५चा. मेंढपाळांच्या वाडीवर तरुण मास्तर येतो, शाळा सुरू करायची म्हणतो. पोरं मेंढरामागे जाणार की शाळेत येणार, हा पहिलाच झगडा कामाचा आहे. पुढे तालीम उभी राहते, तिच्यासाठी राजा येतो, वाडीला थोडे बरे दिवस दिसतात. आणि मग पाऊस पाठ फिरवतो. मेंढरं मरतात, माणसं एकेक करून वाट धरतात, वाडी ओस पडते. कुणी खलनायक नाही. दुष्काळावरचे भाषणबाज सिनेमे पुष्कळ झाले, पण दुष्काळ म्हणजे आधी जनावर जातं, मग धंदा जातो, मग माणूस जातो, हा क्रम इतक्या शांतपणे मी दुसरीकडे पाहिलेला नाही. सिनेमाचा वेग संथ आहे, घरी बघताना मध्ये उठावंसं वाटतं ही तक्रार खरी आहे. तरीही शेवटची वीस मिनिटं उठू देत नाहीत, कारण तोवर प्रत्येक घराची मेंढरं आपल्याला माहीत झालेली असतात.

जुनं ते सोनं, असा मात्र अर्थ कुणी काढू नये. शांतारामांचाच ‘पिंजरा’ (१९७२) घ्या. डॉ. श्रीराम लागू, संध्या, निळू फुले, एकाहून एक गाणी, रंगांची उधळण. मराठी माणसाच्या मनात त्याची जागा पक्की आहे आणि ती हिसकावण्याची माझी इच्छा नाही. पण त्यातलं गाव नाटकाच्या पडद्यासारखं मागे टांगलेलं आहे. मास्तरांच्या आदर्शाने सुधारलेलं गाव म्हणजे नक्की काय झालं, पीक वाढलं की भांडणं मिटली की सावकार हटला, हे कधी समजत नाही. त्यामुळे मास्तर घसरतो तेव्हा एक माणूस घसरतो. गावाचं काय गेलं ते कळत नाही. त्याच्यानंतर दोन-तीन वर्षांतच आलेला ‘सामना’ बघा. दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखन विजय तेंडुलकर, पुन्हा तेच दोघे नट, लागू आणि फुले, समोरासमोर. प्रवरेला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहून तेव्हा पाव शतक झालं होतं, आणि त्या पाव शतकात गावात कुठली नवी सत्ता जन्माला आली ती या सिनेमाने हिंदुराव धोंडे पाटलाच्या रूपाने दाखवली. दारूने मोडलेल्या मास्तराला हिंदुराव आपलं साम्राज्य फिरून दाखवतो: कारखाना, कोंबड्या, पाणी, नोकऱ्या. तो वाईट माणूस आहे हे आपल्याला ठाऊक होत जातं, पण त्याने काम दिलं आहे हेही खरं असतं. म्हणून गायब झालेला मारुती कांबळे कुठे गेला या प्रश्नाला गाव दबकतं. ज्याच्या वजनकाट्यावर आपला ऊस मोजला जातो त्याला प्रश्न कसा विचारायचा, ही भीती नुसत्या दहशतीची नाही, चुलीची आहे. ‘सामना’ आजही नवा वाटतो तो निळू फुल्यांच्या आवाजामुळे, हे बरोबरच. त्या आवाजाला वजन आलं ते मात्र मागे उभ्या असलेल्या धुराड्यामुळे.

अलीकडच्या सिनेमांतही हीच रेघ ओढता येते. ‘नटरंग’ (२०१०) लोकांना लावण्यांसाठी आठवतो. आनंद यादवांच्या कादंबरीवरची ती कथा सुरू होते ती विहिरीवर यंत्र बसल्याने नायक गुणाची मजुरी सुटते तिथून. काम गेलं म्हणून कलेची वाट धरावी लागली, आणि त्या कलेने अंगाची पिळदार ऐट मागितली. अतुल कुलकर्णींचं शरीर सिनेमाभर बदलत जातं ते या व्यवहाराचंच चित्र आहे. ‘फँड्री’ (२०१३) मध्ये डुक्कर धरण्याचं काम म्हणजेच कथा. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं, सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं, आणि हाताशी आलेलं डुक्कर निघून जातं. दोन मिनिटांच्या त्या प्रसंगात जातीबद्दलची शंभर पानं आहेत. ‘सैराट’बद्दल (२०१६) माझं मत बहुतेकांच्या उलट आहे. लोक मध्यंतरापूर्वीच्या विहिरीवर, झिंगाटावर, ऊस-केळीच्या हिरव्या रंगावर फिदा झाले, आणि हैदराबादचा भाग लांबला म्हणाले. घरी सलग बघताना मला तो हैदराबादचाच भाग सिनेमाचा कणा वाटतो. परश्या डोशाच्या गाड्यावर राबतो, ट्रॅक्टर-बुलेट चालवणारी आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात पाळीला उभी राहते, तेलुगू शिकते, पगार हातात येतो, भांडण होतं, समेट होतो, स्कूटर येते. प्रेम म्हणजे दोघांनी मिळून भाडं भरणं, हे तिथे रोजच्या हालचालींत दिसतं. ते इतकं सावकाश उभं केलं म्हणून शेवट सहन होत नाही.

मालिकांकडे येताना अंतःकरण जड होतं, कारण त्यांची सुरुवात बहुधा चांगली असते. ‘लागिरं झालं जी’ (२०१७–१९) सुरू झाली तेव्हा सातारा जिल्ह्याने ती आपली म्हटली, आणि ते उगीच नव्हतं. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव ज्या जिल्ह्यात आहे तिथे फौजेत जाणं हे देशप्रेम आहेच, तसंच कोरडवाहू घराचं ते अर्थशास्त्रही आहे. पहाटे रस्त्याने पळणारी पोरं, छाती-उंचीची मापं, मामाच्या घरी वाढणाऱ्या पोराचं ओशाळेपण, फौजीला मुलगी द्यायची की नाही यावरचा घरातला खल. तेजपाल वाघ यांच्या लेखणीला हे सगळं आतून माहीत होतं. जोवर नायक अज्या भरतीच्या मागे होता तोवर मालिका धावत होती. लग्नाभोवती कारस्थानं गुंफायला घेतल्यावर ती बसली. ‘तुझ्यात जीव रंगला’चंही तेच. तालीम, म्हशी, मळा आणि शिकलेली पाठकबाई यांच्या जोरावर उभं राहिलेलं कोल्हापूरकडचं घर पुढे वहिनींच्या डावपेचांत अडकलं, आणि नायक राणाने शेवटचं शेतात काय केलं हे आठवेनासं झालं. ‘देवमाणूस’ (२०२०–२१) वाईकडे २०१६ साली उघडकीला आलेल्या खुनांच्या प्रकरणावर बेतल्याचं सगळे बोलत होते. तिच्या पहिल्या काही आठवड्यांत एक फार खरी गोष्ट होती: ज्या गावात धड दवाखाना नाही तिथे सुई टोचणारा माणूस किती मोठा होतो, त्याच्या हाती किती घरांची गुपितं लागतात. सरू आजीच्या म्हणी घरोघर गेल्या त्याही योग्यच. पण मालिकेला दवाखान्यापेक्षा डॉक्टरच्या मोहजालात रस वाटू लागला, आणि मेलेल्या बायका केवळ पुढच्या भागाची ओढ लावण्यापुरत्या उरल्या. हे मला कलेच्याच नव्हे, माणुसकीच्या दृष्टीनेही खटकतं.

पडद्यावर काम दिसावं, यावर पहिला आक्षेप अगदी साधा आहे. दिवसभर राबून आलेल्या बाईला पडद्यावर पुन्हा राबणं कशाला दाखवायचं? तिला दागिने, पैठण्या, मोठं घर बघू द्या की. हा आक्षेप मी मनावर घेतो, कारण तो प्रेक्षकाबद्दलच्या मायेतून येतो. पण काम दाखवणं म्हणजे कष्टांचं रडगाणं दाखवणं, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. ‘पंचायत’ (२०२०) बघणारी घरं खदखदून हसतात आणि ती मालिका निव्वळ ग्रामसेवकाच्या टेबलावरची आहे. सौरदिवे कुणाच्या दारासमोर लावायचे, चाकाची खुर्ची कुणी वापरायची, चोरीला गेलेल्या मॉनिटरची तक्रार कशी लिहायची. एकेका भागाला एवढंच बीज पुरतं. मध्य प्रदेशातल्या खऱ्या गावात ती उभी केली आणि गाव उत्तर प्रदेशातलं म्हणून दाखवलं, तरी उंब्रजच्या माणसाला ते शेजारचं वाटतं, कारण ग्रामपंचायतीतलं काम सगळीकडे तसंच चालतं.

दुसरा आक्षेप पैशाचा. रोज एक भाग द्यायचा, आठवड्याला पाच-सहा, वर्षानुवर्षं; ‘चार दिवस सासूचे’सारखी मालिका तीन हजार भागांच्या पुढे गेली. एवढ्या रेट्यात शेतात कॅमेरा नेणं परवडत नाही, दिवाणखान्याचा सेट स्वस्त पडतो. हे खोटं नाही. मात्र सातारा-वाई भागात मालिकांची युनिट आधीच गावात मुक्कामाला आहेत, ‘अप्पी आमची कलेक्टर’ही तिथलीच. कॅमेरा शेतापर्यंत पोहोचलेला आहे, फक्त त्याची पाठ शेताकडे आहे. आणि पैसा हीच अडचण असती तर यूट्यूबवर कांबळेश्वरच्या मंडळींची ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ किंवा कोरी पाटी प्रॉडक्शनची ‘गावाकडच्या गोष्टी’ चाललीच नसती. त्यांचे पडदे खडबडीत आहेत, आवाज कधी फाटतो, काही भाग नुसते उपदेशाचे आहेत. पण बांधाचा वाद, पिकाचा भाव, सोसायटीचं कर्ज, उधारीवरची टपरी हे विषय तिथे सहज येतात, आणि रात्रपाळीला गेलेला माणूस बांधावर बसून बघतो तो यांनाच.

तिसरा आक्षेप भाषेचा: आता मालिकांमध्ये आपली बोली आली, आणखी काय हवं? बोली आली याचा आनंद मलाही आहे. एके काळी गावाकडचा माणूस पडद्यावर तोंड उघडायचा तो हशा पिकवायलाच. तरी बोली ही कामातून घडलेली असते. खोडवा, वाढं, पाचट, मोळी, फड, टोळी, उचल हे शब्द तोंडी येण्यासाठी त्या माणसाचा हात कोयत्याला लागलेला असावा लागतो. नुसतं ‘का गं’चं ‘का गं बया’ केलं की बोली होत नाही. दिवाळीच्या आगेमागे या पट्ट्यात बीड-अहिल्यानगरकडच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, म्हणजे माणसांची मोजणीच हत्याराने होते. आगाऊ पैशांची उचल घेतलेली असते, मुकादमाचा धाक असतो, तोडीची तारीख लांबली तर इथल्या शेतकऱ्याचा ऊस वाळतो आणि त्यांचा हंगाम बुडतो. उसाचं वाढं कुणी विकायचं यावर दोघांत वाद होतो, पोरं कोपीपाशी एकटी राहतात. इतकी नाती, इतका ताण, दोन मुलखांची दोन बोलणी, आणि हे सगळं महामार्गापासून हाकेच्या अंतरावर. रोज दिसणाऱ्या मालिकांमध्ये उसाच्या ट्रॉल्या कथानकाच्या मागून जातात, त्यांच्यावर बसलेलं कुणी कथेत येत नाही.

काम कथेत आणता येतं, याचा ताजा दाखला विदर्भातून आला. जयंत सोमलकरांचा ‘स्थळ’ टोरांटोच्या महोत्सवात २०२३ साली गाजला आणि २०२५ मध्ये आपल्याकडे लागला. विषय मुलगी बघण्याचा. सवितासमोर एकामागून एक पाहुणे बसतात, नाव, उंची, शिक्षण, छंद, तेच प्रश्न, तीच मान खाली. मालिकांनी हा प्रसंग हजारदा दाखवला आहे. फरक असा की या घरात कापूस पडून आहे. भाव चढेल म्हणून वडील थांबले आहेत आणि भाव चढत नाही. त्यामुळे पाटावर बसलेल्या मुलीची उंची विचारली जाते तेव्हा वडिलांच्या मनात क्विंटलचा आकडा चालू असतो, तो प्रेक्षकाच्याही मनात चालू राहतो. पाहुणे पोहे खातात, मुलीला आत जायला सांगतात. आणि आपण तिच्या मागे आतल्या खोलीकडे न बघता, नकळत, घरात पडून असलेल्या त्या कापसाकडे बघू लागतो.